पंधरा फूट

नाटक आधी घरच्यांनी बघायचं आणि घरातल्या एकानंही नको म्हटलं तर पुढच्या शनिवारचा प्रयोग रद्द करायचा, असं आईनं गुरुवारच्या भांडणानंतर जाहीर करून टाकलं. धाकट्यानं त्यावर बरीच आदळआपट केली. थोरल्यानं मात्र तोंडातून चकार शब्द काढला नाही, कारण त्याचं 'नको' तयारच होतं.

रविवारी दुपारी तीनच्या ठोक्याला तो बायकोला घेऊन धाकट्याच्या शेडमध्ये पोचला, तेव्हा ते 'नको' त्यानं सकाळपासून चार वेळा मनात घोळवलेलं होतं. माझी नोकरी अजून चार वर्षं आहे आणि ती सरकारी आहे. ठकीची परीक्षा दोन महिन्यांवर आलीय. तुला स्वतःला मागच्या वर्षी दोन दिवस आत बसवलं होतं, ते विसरलास काय? तिन्ही कारणं खरी होती आणि त्यातल्या एकालाही कुणी नावं ठेवली नसती. चौथं कारण त्यानं नऊ वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं, अंथरुणाला अंथरूण लावून झोपणाऱ्या बायकोलासुद्धा नाही.

शेडमध्ये टर्पेंटाइनचा वास कोंडला होता. धाकट्याचा धंदा पाट्या रंगवण्याचा. भिंतीला टेकून अर्धवट पाट्या उभ्या होत्या. दातांच्या एका डॉक्टरांच्या पाटीवर नुसतीच दाढ रंगवून झाली होती, नाव यायचं होतं. मधोमध जागा मोकळी करून चार शिड्या उघडून ठेवल्या होत्या. आईसाठी खुर्ची होती. बाकीच्यांनी रंगाचे रिकामे डबे उलटे करून घेतले.

मधल्या भावाची बायको, मधली, आधीच येऊन बसली होती. दुकानातून थेट आली असावी, नखांत ग्रीसचा काळेपणा तसाच होता. पंख्यांचं ते दुकान तिच्या नवऱ्याचं. तो गेल्यावर दोन महिन्यांत तिनं ते पुन्हा उघडलं आणि मोटारीच्या वाइंडिंगपासून सगळं शिकून घेतलं. थोरल्याला बघून ती नेहमीसारखी थोडी सरकून बसली आणि म्हणाली, "या दादा. इथे वारा लागेल."

तो मुद्दाम पलीकडच्या डब्यावर बसला. तिच्या शेजारी बसून हे नाटक बघणं त्याला जमणार नव्हतं.

नाटक मधल्यावरच होतं. म्हणजे नऊ वर्षांपूर्वीच्या त्या दिवसावर. अकरा दिवस नळाला पाणी नव्हतं म्हणून माणसं हंडे-बादल्या घेऊन पाणीपुरवठ्याच्या कचेरीवर गेली होती. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, चार माणसं मेली. मधल्याचं दुकान कचेरीच्या बरोबर समोर. तो मोर्चात नव्हताच. गडबड वाढली म्हणून शटर ओढायला बाहेर आला होता. पुढे चौकशी झाली, अहवाल आला. त्यात लिहिलं होतं की जमाव पांगवण्यासाठी पोलिसांनी हवेत तीन फैरी झाडल्या. हवेतल्या तीन फैरींनी जमिनीवरची चार माणसं कशी मेली, हे धाकट्यानं सात वर्षं अर्ज करकरून विचारलं. उत्तर आलं नाही, तेव्हा त्यानं नाटक लिहिलं.

"सुरू करू का?" धाकट्यानं विचारलं. थोरल्याकडे बघून विचारलं.

"आईला विचार," थोरला म्हणाला.

"करा," आई म्हणाली. तिला एका कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून तिनं चांगल्या कानामागे तळहात धरला. "आणि मोठ्यानं बोला."

चौघं जण शिड्यांवर चढून पाय हलवत बसले. त्यातला एक धाकटा स्वतः. तो मधल्याचं काम करत होता. खाली ठकी आली. मधलीची ही एकुलती एक लेक आता अठराची होती. पोटाला उशी बांधून वर ढगळ कोट चढवलेला, काखेत फाइल. चौकशी अधिकारी. तिच्यामागून पोस्टमन आला. तो खराच पोस्टमन होता, सुट्टीच्या दिवशी नाटकात हवालदार व्हायचा.

"गोळ्या कुठे झाडल्या?" ठकीनं घसा खाकरून विचारलं.

"हवेत, साहेब."

"आणि ही माणसं कुठे मेली?"

"हवेतच सापडली, साहेब."

ठकीनं मान वर करून चौघांकडे बघितलं, नाकावर चष्मा चढवला. "कुणाच्या परवानगीनं वर गेलात?"

"आम्ही खालीच होतो हो," शिडीवरचा एक म्हणाला.

"खाली राहायचा परवाना आहे?"

"तो कुठे मिळतो?"

"वरच्या मजल्यावर," ठकी म्हणाली. "हवालदार, गोळ्या तीन आणि माणसं चार. हा हिशेब कसा काय?"

"चौथ्यानं शेजाऱ्याची गोळी वापरली, साहेब."

"न विचारता?"

"न विचारता."

"मग त्याच्यावर वेगळा गुन्हा घाला."

थोरली हसली. हातरुमालात तोंड लपवून, पण हसलीच. कालपर्यंत नवऱ्याच्या बाजूनं ठाम असलेली बायको हसताना बघून थोरल्याला जरा एकटं वाटलं. आईच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण ती पुढे झुकून ऐकत होती. मधली मांडीवर हात ठेवून शांत बसली होती. एकेक वाक्य झालं की सगळ्यांची नजर चोरून तिच्याकडे जायची आणि परत यायची.

मग ते पान आलं. थोरल्याला ते कधीतरी येणार हे माहीत होतं, कारण अहवालातलं ते वाक्य त्याला पाठ होतं. ठकीनं फाइल उघडली आणि वाचलं, "मृत इसम घटनेच्या वेळी अंदाजे पंधरा फूट उंचीवर होता, असे त्याच्या जवळच्या नातेवाइकाने लेखी दिले आहे. बोलवा त्या नातेवाइकाला."

पोस्टमन हवालदाराची टोपी काढून, केस चापून, हात चोळत पुन्हा आत आला. आता तो नातेवाईक होता.

"मयताचे तुम्ही कोण?"

"जवळचा, साहेब."

"किती जवळचा?"

"इथून दोनच गल्ल्या, साहेब."

पोस्टमन लाचारीनं असा काही वाकला की थोरलीला रुमाल आवरेना. तो नातेवाईक मयताचं नाव विसरत होता, साहेबांची खुर्ची पुसत होता, पंधराचे सोळा करू का म्हणून विचारत होता. धाकट्यानं सगळा राग त्या माणसावर काढला होता. पोलिसांनी कुठूनतरी उभा केलेला कुणी भाडोत्री, असं त्यानं धरलं होतं. घरातसुद्धा तो त्याला कायम 'तो हरामखोर' म्हणायचा, आणि थोरला दरवेळी पाणी प्यायला उठून आत जायचा.

आज उठून जायला आत नव्हतं. तो नुसताच उभा राहिला.

"थांबा जरा."

पोस्टमन वाकलेलाच थांबला. धाकटा शिडीवरून म्हणाला, "आलं का तुझं नको? अर्धं तरी होऊ द्यायचंस."

"नको नाही म्हणत," थोरला म्हणाला. त्याला स्वतःलाच नवल वाटलं, कारण सकाळपासून घोळवलेलं ते त्रिसूत्री 'नको' कुठल्या कुठे गेलं होतं. "हे चुकलंय. तो भाडोत्री नव्हता. सख्खा होता."

"कोण सख्खा?"

"मीच रे."

धाकटा शिडीवरून उतरायला लागला, एक पायरी चुकला, सावरला आणि खाली येऊन समोर उभा राहिला.

"तू सही केलीस?"

"हो."

"दादा, मधल्याला साधं स्टूल चढता येत नव्हतं."

ही गोष्ट घरात कुणाला सांगायची गरज नव्हती. मधला पंखे दुरुस्त करायचा, पण उंचीला इतका भ्यायचा की गिऱ्हाइकालाच पंखा काढून खाली आणायला लावायचा. गिऱ्हाईक वर, हा खाली उभा राहून स्टूल धरणार, आणि वर "सांभाळून हं, मला बघवत नाही" म्हणणार.

"माहीत आहे मला," थोरला म्हणाला.

"माहीत असून तू लिहून दिलंस? नऊ वर्षं मी त्या माणसाला शिव्या घालतोय. तुझ्यासमोर घालतोय. तू ऐकत होतास?"

"मलासुद्धा सांगितलं नाहीत," थोरली म्हणाली. हे ती हळू म्हणाली, आणि ते धाकट्याच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. ती उठली आणि आईच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

मधली मात्र जागची हलली नाही. "भाऊजी, त्यांना बोलू द्या," ती धाकट्याला म्हणाली. "दादा, बसा. बसून सांगा."

तो बसला. कुठून सुरू करावं ते सुचेना, म्हणून मोजणी खात्यातल्या माणसानं जसं सुरू करावं तसं वेळेपासून केलं.

"पाच वाजले होते. मृतदेह ताब्यात द्यायला दुपारपासून टाळाटाळ चालली होती. मग मला एका खोलीत नेलं. साहेब तसे चांगले बोलत होते. बसा म्हणाले, पाणी दिलं. कागद टाइप करून तयार होता, फक्त आकड्याची जागा कोरी होती. मला म्हणाले, किती फूट लिहू? मी म्हटलं, कशाचे? म्हणाले, उंचीचे. मी म्हटलं, साहेब, तो स्टुलावर चढत नाही. तर म्हणाले, मग आज पहिल्यांदाच चढला असेल."

ठकी कोटाच्या बाह्या मुठीत धरून ऐकत होती.

"मी सही करणार नाही म्हटलं. ते म्हणाले, नका करू, मग आठ दिवस थांबा, पुन्हा तपासणी करावी लागेल, कापावं लागेल. इकडे आई दारात बसून होती. ठकी शाळेतून आली होती, बाबा कुठेत विचारत होती." त्यानं आईकडे बघितलं. "मग मी म्हटलं, लिहा. ते म्हणाले, वीस लिहितो. मी म्हटलं, दहा."

"घासाघीस केलीस?" धाकट्यानं विचारलं.

"केली. वीस फुटांवरून पडला तर लागेल फार, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं. आता मेलेल्या माणसाला काय लागणार? पण तेव्हा तसं आलं खरं. मी दहावर अडून बसलो. ते म्हणाले, दहा फुटांवर हवा धरत नाहीत, नियमात बसत नाही. शेवटी पंधरावर मिटलं. वर मला म्हणाले, तुम्ही मोजणीदार ना, मग आकडा बरोबरच असणार."

पोस्टमननं इतका वेळ वाकवलेली कंबर आता कुठे सरळ केली.

"सही करायला गेलो तर माझं पेन चालेना. साहेबांनी आपलं दिलं. सही केली. पेन परत दिलं. आणि मी त्यांना म्हटलं..." इथे तो अडकला. नऊ वर्षं रोज पहाटे जे आठवून जाग यायची ते हेच होतं, सहीसुद्धा नव्हे. "मी त्यांना म्हटलं, थँक यू साहेब."

ठकीनं बाहीतल्या मुठी सोडल्या.

"आणि ते?" ठकीनं विचारलं.

"ते म्हणाले, या पुन्हा."

ठकीच्या नाकातून एक आवाज आला. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं, डोळे भीतीनं मोठे झाले, पण पोटावरची उशी गदागदा हलायला लागली. "मोठे काका, सॉरी," ती कशीबशी म्हणाली, "सॉरी, पण 'या पुन्हा'..."

आणि मग मधली हसली. आधी नुसते खांदे हलले, मग मान खाली गेली, मग ती डब्यावरून जवळजवळ घसरलीच. नऊ वर्षांत तिला कुणी असं हसताना पाहिलं नव्हतं. "हवा धरत नाहीत," ती डोळे पुसत म्हणाली. "दहा फुटांवर हवा धरत नाहीत? पंखे विकते मी, दादा, पंखे." त्यावर धाकटासुद्धा फुटला. रागानं लाल झालेला चेहरा तसाच ठेवून तो हसत होता, आणि हसतानाच त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यानं ते रंगाच्या फडक्यानं पुसलं, तेव्हा कपाळावर निळा पट्टा उमटला.

थोरला बघत राहिला. या गोष्टीवर कुणी हसू शकेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ती आपल्याला हसतायत की त्या खोलीला हसतायत, हे त्याला क्षणभर कळेना. मग कळलं. त्यालाही वाटलं रडू येणार, पण आलं ते हसूच.

हसणं ओसरल्यावर मधली म्हणाली, "त्यांना घरी कुणी आणलं हे मला ठाऊक होतं. कसं आणलं, ते मी कधी विचारलं नाही. माझंही चुकलंच. त्या खोलीत मला बसवलं असतं तर मी पन्नास फुटांवर सही केली असती."

"मी मोजलं होतं नंतर," थोरला म्हणाला. आता सांगायचंच तर सगळंच. "चौथ्या दिवशी. तुझ्या शटरवर गोळीचं भोक होतं ना, त्याच्यासमोरच तो उभा होता. जमिनीपासून चार फूट दोन इंच. छातीएवढं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी खोटा आकडा एकच लिहिला, आणि खरा कुठेच लिहिला नाही."

"मला आठवतंय," मधली म्हणाली. "तुम्ही टेप धरून उभे होतात. मला वाटलं, नवीन शटरचं माप घेताय. त्या भोकावर मी कॅलेंडर लावते दरवर्षी."

कानामागचा हात आईनं केव्हाच खाली घेतला होता. आता तिनं थोरल्याला बोटानं जवळ बोलावलं. तो उठून तिच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला. आता थप्पड बसली तरी चालेल, असं त्याला वाटत होतं.

"म्हणजे तो वर चढला नव्हता?"

"नाही आई."

"तू मला म्हणाला होतास, भिंतीवर चढला होता म्हणून."

"हो. कागदात तसं होतं ना. तुला दुसरं सांगितलं असतं तर..."

"ते असू दे." तिनं हातानं बाजूला सारलं. "लहानपणी एकदा माळ्यावर चढून बसला होता, आठवतं? पोरांनी चिडवलं म्हणून चढला, आणि मग खाली बघवेना. मी येईपर्यंत दोन तास तसाच. घामानं ओलाचिंब." ती थांबली. "नऊ वर्षं माझ्या डोक्यात तेच आहे. हा वर चढला कसा? कुणी चढवला? वर गेल्यावर खाली बघितलं असेल, भ्याला असेल, आणि उतरवायला मी नव्हते. गोळीचा मी विचारच करत नव्हते रे. त्या उंचीचाच करत होते."

त्या पंधरा फुटांचं ओझं आपण एकट्यानं वाहतोय अशी थोरल्याची समजूत होती, आणि ही म्हातारी रोज त्या उंचीवर चढून पोराला शोधत होती.

"जमिनीवर होता ना?" आईनं पुन्हा विचारलं.

"जमिनीवरच होता, आई. दुकानाच्या पायरीवर. दोन्ही पाय खाली."

"कळलं तरी का त्याला?"

"नाही कळलं. डॉक्टरनं सांगितलं होतं मला. लगेच गेला."

आईनं इतका लांब श्वास सोडला की तिचे खांदे एकदम उतरले. तिनं थोरल्याच्या डोक्यावर हात ठेवला, केस जरा विस्कटले आणि म्हणाली, "हे आधी सांगायचं की रे, बाळा." पन्नाशी ओलांडलेल्या त्या मोजणीदाराला कुणी बाळ म्हटल्याला जमाना झाला होता. तो तसाच उकिडवा बसून राहिला, गुडघ्यांना कळ लागेपर्यंत.

थोरलीनं मग थर्मासमधला चहा ओतायला घेतला. पहिला कप तिनं नवऱ्याला दिला. "घरी गेल्यावर बोलू," ती म्हणाली, पण कप देताना तिची बोटं त्याच्या बोटांवर नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिली.

"आता कुणाला नको म्हणायचंय?" आईनं विचारलं.

धाकट्यानं चहाचा कप ओठांकडे नेला.

"मला म्हणायचंय," मधली म्हणाली, आणि धाकट्याचा कप ओठांपाशी थांबला. "नाटकाला नाही. तुमच्या कामाला. भाऊजी, तुम्ही त्या शिडीवर किती शांत बसता हो. पाय काय हलवता, लांब कुठेतरी काय बघता. हे तुमचे भाऊ आहेत का? ते वर बसले असते तर डोळे मिटून, दांड्याला मिठी मारून बसले असते. आणि प्रत्येकाला एकच विचारत बसले असते."

"काय?"

"खाली कुणी धरलंय का?"

हे तिनं नवऱ्याच्याच आवाजात म्हटलं, किंचित नाकातून, शेवटचा शब्द ओढून. ठकीनं आईकडे चमकून बघितलं. बाप गेला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. भिंतीवरच्या फोटोतला माणूस तिला माहीत होता, हा आवाज ती विसरली होती.

"अजून एकदा म्हण ना, आई," ती म्हणाली.

मधलीनं पुन्हा म्हटलं. मग धाकट्यानं शिडीवर चढून म्हणून बघितलं, ते जमलं नाही. थोरल्यानं करून दाखवलं, ते जरा जमलं. आईनं दोघांनाही चुकीचं ठरवलं. एका फोटोत नऊ वर्षं गंभीर चेहरा करून बसलेला मधला त्या दुपारी खाली उतरला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या तोंडी खेळत राहिला. त्याचे विनोद आठवले, त्याच्या खोड्या आठवल्या, एका गिऱ्हाइकाला त्यानं पंखा उलटा लावून दिला होता तेही आठवलं. पोस्टमननं पाठमोरं बसून 'नातेवाइका'चं नवं पान लिहून घेतलं. उठताना त्यानं थोरल्याला हळूच विचारलं, "दादा, तुम्ही रडला होता का तेव्हा? म्हणजे मी तसं करू?"

"नाही," थोरला म्हणाला. "मी अगदी व्यवस्थित वागलो. तेच कर."

शनिवारी चारचा प्रयोग होता. नाक्यावरच्या व्यायामशाळेचं सभागृह पाऊण तास आधीच भरलं. दाराशी दोन पोलीस उभे होते, एक पोरगेला आणि एक निवृत्तीला आलेला. थोरला आईशेजारी तिसऱ्या रांगेत बसला. नोकरीचं काय करायचं ते त्यानं ठरवून टाकलं होतं: विचारलं तर खरं सांगायचं, त्यापुढचं त्यापुढे.

दहाव्या मिनिटाला सभागृह हसायला लागलं आणि मग थांबलंच नाही. धाकटा शिडीला मिठी मारून "खाली कुणी धरलंय का" म्हणाला, तेव्हा पहिल्या रांगेतली दोन माणसं खरंच उठून शिडी धरायला गेली. पोस्टमन मान ताठ ठेवून, सभ्यपणे, थँक यू साहेब म्हणाला. ठकीनं या पुन्हा म्हटलं. आधी हसू उसळलं, आणि मग ते आपोआप आत ओढलं गेलं, इतकं की छताचा पंखा ऐकू यायला लागला. थोरल्यानं डोळे मिटून घेतले होते. काही कोसळलं नाही. आईनं त्याच्या गुडघ्यावर थोपटलं.

प्रयोग संपल्यावर पोरगेल्या पोलिसानं धाकट्याचं नाव आणि पत्ता लिहून घेतला. म्हाताऱ्या पोलिसानं टोपी तोंडासमोर धरलेली होती. ती खाली घेतली तेव्हा त्याचे डोळे ओले होते, हसून की कशानं ते कळलं नाही. "चला," तो जोडीदाराला म्हणाला, "इथे काही गडबड नाही." आणि दोघं निघून गेले. धाकट्यानं त्यांच्या पाठीकडे बघत एवढा मोठा सुस्कारा टाकला की ठकीला पुन्हा हसू फुटलं.

माणसं बाहेर पडत असताना एक बाई मात्र उलट्या दिशेनं, रांगांमधून वाट काढत आत आली. चाळिशीची, हातात कापडी पिशवी. ती थोरल्यासमोर येऊन थांबली.

"तो नातेवाईक तुम्ही का?" तिनं विचारलं. "बाहेर कुणीतरी सांगितलं."

"हो," थोरला म्हणाला.

"शेवटच्या शिडीवरचा तो माझा नवरा. गवंडी होता. चढणं त्याचं कामच. पण त्या वेळी जेवायच्या सुट्टीत खाली बसला होता, भिंतीला टेकून." तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "माझ्याकडून वीस लिहून घेतले."

"वीस?"

"हो. घासाघीस करता येते, हे मला माहीतच नव्हतं."

हे म्हणताना तिच्या तोंडाचा एक कोपरा हसायला लागला होता आणि दुसरा तयार नव्हता. थोरल्याला तो चेहरा ओळखीचा वाटला. रविवारी दुपारी त्याचा स्वतःचाही तसाच झाला असावा.

"आणि खरं किती होतं?" त्यानं विचारलं.

तिनं विचार केला. मग जरा वाकून, मोकळा हात जमिनीपासून वर आणत आणत एका जागी थांबवला, बसलेल्या माणसाच्या छातीपाशी. "एवढं."

थोरल्यानं नजरेनंच माप घेतलं. "दोन फूट," तो म्हणाला. "फार तर दोन फूट एक इंच."

"हां," ती म्हणाली. "एवढंच."

आईनं आपली काठी बाजूला घेतली आणि शेजारची खुर्ची हातानं पुसली. "बस गं," ती म्हणाली. "आम्हाला काही घाई नाही. जेवायला बसला होता ना? काय जेवत होता, ते आधी सांग."